अणुबॉम्ब, जळीत वॉर्ड आणि आपला खान्देश: ६ ऑगस्टला आपण काय करायचं?

जळगावची_सिस्टर
नमस्कार मंडळी. २०२५च्या मे महिन्यात नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या यादीत भुसावळचं नाव आलं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. भोंगे वाजले, दिवे घालवले, आणि मग घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना फिरायला लागल्या. अणुबॉम्ब पडला तर तोंडाला ओला टॉवेल लावा, खिडक्या बंद करा, आयोडीनचं मीठ जास्त खा. आळीतल्या बायका मला विचारायला आल्या, कारण मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि नोकरीतली बरीच वर्षं जळीत वॉर्डात गेली.

जळीत वॉर्डात काम केलेल्या माणसाला हा विषय दिल्लीचा किंवा राजकारणाचा वाटत नाही. साठ किलोचा एक माणूस धरा, अंग ४० टक्के भाजलेलं. पहिल्या २४ तासांत त्याला साडेनऊ लिटर सलाईन लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. म्हणजे अर्ध्या लिटरच्या एकोणीस-वीस बाटल्या, एका माणसाला, एका दिवसाला. लघवी दर तासाला मोजायची. ड्रेसिंगला दोघी सिस्टर आणि एक मावशी लागते, तरी वेळ पुरत नाही. जखमेला चादर चिकटते म्हणून आम्ही केळीची पानं निर्जंतुक करून त्यावर पेशंटला ठेवायचो, पान अलगद सुटतं. एवढं सगळं करून, औषधं हाताशी असून, कितीतरी पेशंट दुसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्गाने हातचे गेले. एकदम तीन जळीत पेशंट आले की आमचा वॉर्ड भरायचा. चौथ्याला नाशिकला नाहीतर औरंगाबादला पाठवायचं.

हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी असे पेशंट हजारोंनी होते. तीन दिवसांनी नागासाकीत. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांवर माणसं गेली.

२०२५ साली त्याला ८० वर्षं होतात. आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळाने ६ ऑगस्टला कार्यक्रम घ्यायचं ठरवलंय. पण सभासदांतच प्रश्न निघाला: "हे मोठ्या देशांचं काम, तालुक्याच्या गावात बोलून काय होणार?" मला वाटतं, बोलायलाच हवं. तुम्हाला काय वाटतं? कार्यक्रमात काय असावं? आणि आणखी कुठे साध्या माणसांनी याबाबत काही करून दाखवलंय का?

अहिराणी_माय
माय वो, हाई वाचीसन जीव घाबरी गया. सिस्टरताई, तुमी लिखा, आमी वाची ऱ्हायनूत.

माजी_फौजी (चाळीसगाव)
सिस्टरताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. १९९८च्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले तेव्हा मी सेवेत होतो. आम्ही पेढे वाटले आणि मला त्याचं आजही काही वाईट वाटत नाही. शेजारी दोन अण्वस्त्रधारी देश असताना आपण रिकाम्या हाताने बसायचं का? बॉम्ब वापरायला नसतो, समोरच्याने वापरू नये म्हणून असतो. कार्यक्रम जरूर करा, पण त्यातून आपल्याच देशाला दोष देण्याचा सूर निघू नये.

तापीकाठची
फौजीदादा, पण बॉम्ब असताना वर्षाच्या आत कारगिल झालंच ना? बॉम्बने लढाई थांबली नाही.

माजी_फौजी
लढाई झाली पण मर्यादेत राहिली, ताई. मी तेच म्हणतोय.

तापीकाठची
मर्यादेत राहिली म्हणून आपण बोलतोय. दर वेळी राहीलच, याची हमी कोण देणार? माझं एवढंच म्हणणं.

डॉक्टर_शहादा
सिस्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी थोडं वैद्यकीय बाजूने लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

हिरोशिमाच्या रेडक्रॉस हॉस्पिटलात सहाशे खाटा होत्या. पहिल्या दिवशी जखमी आले ते दहा हजारांच्या घरात. शहरातले डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापैकी दहात नऊ एकतर मेलेले किंवा स्वतः जखमी. पाणी नाही, वीज नाही, रस्ते बुजलेले. बॉम्ब आधी उपचार करणाऱ्यांनाच मारतो, आणि इतर आपत्तींपेक्षा हे वेगळं आहे. भूकंपात शेजारच्या जिल्ह्यातून पथकं येतात. इथे आत जाणाऱ्यालाच किरणोत्सर्गाचा धोका.

त्याच हॉस्पिटलात ठेवणीतल्या एक्स-रे प्लेटा काढून बघितल्या तर त्या न वापरताच किरण लागून खराब झालेल्या निघाल्या. आपल्यावर नुसता स्फोट झालेला नाही, हे तिथल्या डॉक्टरांना अशा खुणांवरून कळत गेलं. मग पुढच्या आठवड्यांत अंगावर ओरखडाही नसलेली माणसं यायला लागली. उलट्या, जुलाब, ताप, मूठभर केस हातात येणं, हिरड्यांतून रक्त, कातडीवर जांभळे ठिपके. हाडांतला मगज मेला की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होत नाहीत, मग साधा जंतूही जीव घेतो.

हे झालं पहिल्या काही महिन्यांचं. ल्युकेमियाचं प्रमाण दोन-तीन वर्षांनी वाढायला लागलं आणि सहा ते आठ वर्षांनी शिगेला पोचलं, लहान वयात किरण लागलेल्यांत जास्त. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, १९५५ साली बाराव्या वर्षी ल्युकेमियाने गेली. स्तन, फुप्फुस, जठर, थायरॉइड यांचे कर्करोग आणखी उशिरा वाढले, आणि वाचलेल्यांत ती वाढीव जोखीम आयुष्यभर राहिली. आईच्या पोटात असलेल्या बाळांपैकी ज्यांना आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत मोठी मात्रा लागली, त्यांच्यात डोकं लहान राहणं आणि मतिमंदत्व दिसलं.

एक गोष्ट मात्र कार्यक्रमात चुकीची जाऊ देऊ नका. वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांत जन्मजात दोष वाढल्याचं आजवरच्या दीर्घ तपासण्यांत सिद्ध झालेलं नाही. हे ठळक सांगा. जपानात याच भीतीपोटी वाचलेल्या मुलींची लग्नं मोडली, लोकांनी आपण त्या गावचे आहोत हे लपवलं. ज्यांनी भोगलं त्यांना आणखी भोगायला लावू नये.

केळीबाग_रावेर
डॉक्टरसाहेब, आम्ही रावेर-यावलवाल्यांनी काय करायचं? पोरगा नेटवर वाचून सांगतो की केळीतही किरणोत्सर्ग असतो. व्यापाऱ्याला कळलं तर उद्या त्याचीही कटती लावेल 😄

डॉक्टर_शहादा
😄 बागवाले, पोरगा खरं सांगतोय. केळीत पोटॅशियम असतं आणि त्यात किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० चा अत्यल्प अंश. पण शरीर पोटॅशियम साठवत नाही, जास्तीचं बाहेर टाकतं. डझनभर केळी खाल्ली तरी शरीरातलं प्रमाण तेवढंच राहतं.

बॉम्बच्या धुळीतली द्रव्यं वेगळी वागतात. स्ट्रॉन्शियम-९० ला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत, दातांत नेऊन बसवतं. निम्मं व्हायला त्याला २९ वर्षं लागतात. सिझियम-१३७ स्नायूंत जातं, त्याला ३० वर्षं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, पण तेवढ्या दिवसांत ते थेट थायरॉइडमध्ये जमतं, आणि मुलांची ग्रंथी इवलीशी म्हणून तिला मात्रा जास्त बसते.

म्हैसवाला_धुळे
म्हणजे धूळ चाऱ्यावर पडली, चारा म्हशीने खाल्ला, दूध पोराने प्यालं, असं?

डॉक्टर_शहादा
अगदी तसंच. थायरॉइडपर्यंत पोचायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे. नेवाडातल्या अणुचाचण्यांच्या काळात अमेरिकेत मुलांना आयोडीन-१३१ मुख्यतः दुधातूनच मिळालं.

म्हैसवाला_धुळे
आपल्याकडे तर पोरगं आजारी पडलं की आधी दूधच पाजतात. अवघड आहे.

जळगावची_सिस्टर
मिठाचं इथेच सांगून टाकते, कारण ती सूचना अजून फिरतेय. किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड वाचवायची जी गोळी असते, तिच्यात मोठ्या माणसासाठी साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्या मिठात किलोला १५ ते ३० मिलिग्रॅम. गोळीइतकं आयोडीन मिठातून घ्यायचं तर तीन ते सात किलो मीठ खावं लागेल, आणि त्यानेच माणूस मरेल. ती गोळीसुद्धा फक्त थायरॉइडपुरती. भाजण्यावर, मगज मरण्यावर, स्ट्रॉन्शियमवर तिचा काही उपयोग नाही. ज्यांचं बीपी आहे अशा म्हाताऱ्या माणसांनी ही सूचना खरी मानून मीठ वाढवलेलं मी पाहिलंय. कृपा करून पुढे पाठवू नका.

कपाशीवाला_चोपडा
आम्ही शेतकरी, म्हणून शेतीचं विचारतो. बॉम्ब मोठ्या शहरावर पडेल, चोपड्यावर कोण टाकणार? आपण वाचलो असं धरायचं का?

मास्तर_अमळनेर
कपाशीवाले भाऊ, तुमच्याच प्रश्नावर हवामानशास्त्रज्ञांनी काम केलंय. भारत-पाकिस्तानमध्ये हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब वापरले गेले, तर जळणाऱ्या शहरांची सुमारे ५० लाख टन काजळी वर जाईल, असा हिशोब २००७ साली मांडला गेला. ती पावसाच्या ढगांच्याही वर जाते, म्हणून पावसाने धुऊन येत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. ऊन कमी, हवा थंड, पाऊस कमी. मान्सून कशावर चालतो? जमीन तापण्यावर. जमीनच तापली नाही तर खरीप कसला? अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ साली अंदाज दिला की अशा मर्यादित युद्धानेही जगात २०० कोटी लोक उपासमारीच्या तोंडी जातील. २०२२ साली आणखी मोठ्या भारत-पाक युद्धाचा हिशोब केला गेला, त्यात २०० कोटींवर मृत्यू निघाले, आणि त्यातले बहुतेक बॉम्बने नाही, उपाशी राहून.

कपाशीवाला_चोपडा
७२चा दुष्काळ आमच्या आईने काढला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला चव नव्हती, पण त्या ज्वारीने माणसं जगली. सर म्हणतात तसं सगळ्या जगाचंच पीक बुडालं तर मिलो पाठवणार कोण? हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एवढंच फिरतंय.

माजी_फौजी
हे सगळे संगणकावरचे अंदाज आहेत. किती आगी लागतील, किती काजळी वर जाईल यावर शास्त्रज्ञांतच वाद आहेत.

मास्तर_अमळनेर
वाद आहेत, फौजीदादा, बरोबर. काजळी निम्मी धरा. निम्मं खरीप गेलेलं चालेल का आपल्याला?

नवापूरकर
थोडं विषयांतर. आपली तापी पुढे उकाईला जाते आणि त्याखाली काकरापारला अणुवीज केंद्र आहे, आमच्यापासून फार लांब नाही. युद्धात कोणी त्यावर बॉम्ब टाकला तर? त्यावर कोणी बोलत नाही.

डॉक्टर_शहादा
वीज केंद्र आणि बॉम्ब यांची सरमिसळ करू नये असं मला वाटतं, पण तुमचा प्रश्न रास्त आहे. यावर दोन्ही देशांत एक करार आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला, आणि १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्हीकडून केंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. कारगिलनंतरही ते थांबलं नाही, २०२५च्या जानेवारीतही झालं. भांडणातही काही गोष्टी पाळता येतात, त्याचं हे उदाहरण आहे.

सातपुडा_धडगाव
बॉम्बचं बोलताना खाणीचंही बोला. युरेनियम कुठून येतं? झारखंडच्या जादूगोड्यात १९६७पासून खाण आहे. वस्ती बहुतेक आदिवासींची, आमच्यासारखीच. भारतीय डॉक्टरांच्या शांतता संघटनेने तिथे घरोघर पाहणी केली तेव्हा खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंगं आणि वांझपण जास्त आढळल्याचं त्यांनी मांडलं. खाण चालवणाऱ्या कंपनीला ते मान्य नाही. पोखरणजवळच्या खेतोलाई गावचे लोकही घरांना गेलेल्या तड्यांबद्दल आणि आजारांबद्दल वर्षानुवर्षं बोलत आलेत. त्यांचं कोण ऐकतं? जगात जिथे जिथे चाचण्या झाल्या ती जागा बघा, कझाकच्या गवताळ रानातले मेंढपाळ, पॅसिफिकमधली बेटं, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी. राजधानीजवळ कोणीच चाचणी केली नाही.

तापीकाठची
सातपुडा, खरं बोललात. याला सिस्टरच्या कार्यक्रमात जागा हवी.

मास्तर_अमळनेर
सिस्टरताईंचा शेवटचा प्रश्न मागे पडला: साध्या माणसांनी काही करून दाखवलंय का? मी शाळेत इतिहास शिकवतो, मला यातली दोन-तीन उदाहरणं फार मोलाची वाटतात.

१ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला, १५ मेगाटन, हिरोशिमाच्या हजारपट. त्याची पांढरी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. २३ खलाशी आजारी पडले, त्यातला रेडिओ चालवणारा आइकिची कुबोयामा सप्टेंबरात गेला. बाजारातला मासा किरणोत्सर्गी निघाला, दुकानं ओस पडली. तेव्हा तोक्योतल्या सुगिनामी भागात कोण पुढे आलं? मासळी विकणाऱ्यांच्या घरातल्या बायका आणि वाचनमंडळात जमणाऱ्या गृहिणी. त्यांना साथ देणारे काओरू यासुई हे तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे प्रमुख होते! त्यांनी सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरायला सुरुवात केली. १९५५च्या ऑगस्टपर्यंत देशभरातून तीन कोटींवर सह्या झाल्या. त्यातूनच १९५५ साली हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली, आणि १९५६ साली बॉम्बमधून वाचलेल्यांची निहोन हिदान्क्यो ही संघटना उभी राहिली. २०२४ साली शांततेचं नोबेल मिळालं ते त्यांना. हे सगळं एका वाचनालयातून निघालं, हे तुमच्या सभासदांना नक्की सांगा.

त्याच बिकिनीच्या स्फोटानंतर, २ एप्रिल १९५४ला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. एखाद्या देशाच्या प्रमुखाने अशी मागणी करण्यातली ती अगदी पहिल्यांपैकी. फौजीदादा, हा आपल्याच देशाचा वारसा आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुइसचं. १९५८ साली तिथल्या डॉक्टर लुईस राइस आणि आणखी काही नागरिक-शास्त्रज्ञांनी आयांना आवाहन केलं: मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. तीन लाखांवर दात जमले. पाठवणाऱ्या मुलाला "मी माझा दात विज्ञानाला दिला" असा बिल्ला मिळायचा. चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वाढत गेलेलं निघालं. १९६३ साली हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, आणि त्यामागच्या जनमतात या दातांचा मोठा वाटा होता.

शिक्षिका_पारोळा
सर, हे दातांचं माझ्या वर्गात सांगणार! आमच्याकडे मुलं दात कौलांवर फेकतात. सहावीच्या पोरांना हे लगेच कळेल.

माजी_फौजी
सर, माहिती चांगली आहे. पण जपान काय, अमेरिका काय, तिथे लोकांचं ऐकणारं सरकार होतं. हुकूमशाही देशात असं चालतं का?

मास्तर_अमळनेर
चाललंय. सोव्हिएत काळात, १९८९च्या फेब्रुवारीत, कझाकस्तानात ओल्झास सुलेमेनोव्ह हा कवी दूरदर्शनवर कविता वाचायला गेला आणि कविता बाजूला ठेवून चाचणी-केंद्रातून झालेल्या किरणोत्सर्गी गळतीबद्दल बोलला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हजारो लोक जमले. सेमिपलाटिन्स्कच्या त्या केंद्रात १९४९पासून साडेचारशेवर चाचण्या झाल्या होत्या. २९ ऑगस्ट १९९१ला ते केंद्र बंद झालं. आज २९ ऑगस्ट हा अणुचाचणीविरोधी दिन म्हणून जगभर पाळला जातो.

डॉक्टर_शहादा
आणि डॉक्टरांचं विसरू नका. शीतयुद्ध ऐन भरात असताना १९८० साली अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव्ह, दोघेही हृदयरोगतज्ज्ञ, एकत्र आले आणि अणुयुद्ध रोखण्यासाठी डॉक्टरांची संघटना काढली. त्यांचं सांगणं एवढंच: यावर उपचार नाही, म्हणून प्रतिबंध हाच उपचार. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्याच पुढाकारातून २००७ साली अण्वस्त्रं संपवण्यासाठी आयकॅन ही मोहीम निघाली, तिला २०१७चं नोबेल. त्याच वर्षी १२२ देशांच्या मतांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१पासून तो लागू आहे. चाचण्यांनी ज्यांना बाधा झाली त्यांना मदत देण्याचं कलमही त्यात आहे. नऊही अण्वस्त्रधारी देश अजून त्याबाहेर आहेत, आपणही. पण भूसुरुंगांवर बंदी आली तेव्हाही मोठे देश बाहेरच होते, तरी भूसुरुंग वापरणं लाजिरवाणं झालंच.

माजी_फौजी
डॉक्टरसाहेब, युक्रेनचं काय? १९९४ साली त्यांनी अण्वस्त्रं सोडून द्यायचं कबूल केलं, बदल्यात कागदावर हमी मिळाली. पुढे काय झालं ते जग बघतंय. मला हे पटवून द्या.

डॉक्टर_शहादा
दादा, युक्रेनवर अन्याय झाला आणि हमी देणाऱ्यांपैकी रशियाने शब्द मोडला, हे मी नाकारत नाही. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणतो की ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आज १२ हजारांवर आहेत. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब स्वतः मोडले. म्हणजे कमी होतात, केली तर.

माजी_फौजी
ठीक. मी एक अनुभव लिहितो. २००१-०२ साली संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर होतं तेव्हा आम्ही राजस्थानात होतो. अणु-जैविक-रासायनिक हल्ल्याचा सराव असायचा. कोळशाचं अस्तर असलेला जाड सूट, रबरी मुखवटा, हातमोजे, बूट. मुखवट्यात श्वास घेतला की आपलाच आवाज कानात. बाहेर ऊन चाळीसच्या पुढे. घाम बुटात जमायचा, पाणी प्यायचं तर नळीतून, आणि जवान चक्कर येऊन पडायचे. एकदा सराव चालू असताना शेजारच्या ढाणीतल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, बायका डोक्यावर हंडे घेऊन आमच्या मधून गेल्या, अंगावर सुती ओढणी. सूट आम्हाला होता, त्यांना नव्हता. तेव्हाही ते खटकलं होतं.

माझं मत बदललेलं नाही. समोरच्याकडे आहे तोवर आपल्याकडे हवं. पण सगळ्यांनी मिळून सोडायचं म्हणत असाल तर मी त्याच्या विरोधात नाही.

तापीकाठची
दादा, हा प्रतिसाद कार्यक्रमात वाचून दाखवायची परवानगी द्या.

माजी_फौजी
वाचा. नाव नको.

भरीत_पुरी
कार्यक्रमानंतर जेवणाचं काय? भरीत-पुरी ठेवली तर शंभर माणूस हमखास येईल 😋

केळीबाग_रावेर
ऑगस्टात कुठे बामणोदचं वांगं, भाऊ! भरीत हिवाळ्यात. पावसाळ्यात शेवभाजी ठेवा, केळी माझ्याकडून.

मास्तर_अमळनेर
जेवणाने माणसं येतील हे खरं, पण त्या दिवशी चहा-बिस्किटांवर भागवू या. शेवभाजी पुढच्या बैठकीला.

शिक्षिका_पारोळा
मुलांच्या भागाबद्दल एक विनंती. जळालेल्या देहांचे फोटो लावू नका. एका शाळेत असं प्रदर्शन लागलं होतं, लहान मुलं रात्री झोपेनात आणि आईबाप भांडायला आले. सादाकोची गोष्ट सांगू, ती आजारपणात करायची तसे कागदाचे क्रौंच पक्षी करून घेऊ, दातांचं सांगू. मोठ्यांसाठी सिस्टरांनी सलाईनच्या बाटल्या मांडाव्यात, एका पेशंटच्या पहिल्या दिवसाच्या. फोटोची गरजच उरणार नाही.

जळगावची_सिस्टर
शिक्षिकाताई, कल्पना पटली. बाटल्या मी जमवते. वाचून खूप धीर आला. पण माझा एक प्रश्न राहिला. कार्यक्रम झाला, लोक हळहळले, घरी गेले. पुढे काय?

ग्रामसेवक_निवृत्त
ताई, ६ ऑगस्टनंतर नवव्या दिवशी १५ ऑगस्ट, आणि त्या दिवशी ग्रामसभा असते. विषयपत्रिकेत आधी विषय घालून घ्या, सरपंचांना लेखी द्या, आयत्या वेळी उठून बोललात तर इतिवृत्तात येईलच असं नाही. ठराव मंजूर झाला की नक्कल घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवा, एक प्रत खासदारांना. आपल्याकडे जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार असे चार खासदार आहेत. चार-पाच तालुक्यांतून ठराव गेले तर लोकसभेत प्रश्न विचारायला त्यांच्या हातात काहीतरी येईल. नगरपालिकांनाही करता येईल. हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ साली सुरू केलेलं शांततेसाठी महापौरांचं एक जाळं आहे, त्यात जगातली आठ हजारांवर शहरं आहेत.

माजी_फौजी
ठरावात फक्त भारताचं नाव आलं तर मी स्वतः विरोध करीन. नऊही देश लिहा. आणि आपलं प्रथम वापर न करण्याचं धोरण आहे, त्याचा उल्लेख हवा. ते आपल्या बाजूचं आहे, ते सोडून का द्यायचं?

डॉक्टर_शहादा
दादांशी सहमत. आणि १९८८ साली भारताने संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने अण्वस्त्रं संपवायचा आराखडा मांडला होता, तोही घाला. २०२५च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने अणुयुद्धाच्या आरोग्यावरच्या परिणामांचा अभ्यास नव्याने करायचा ठराव केलाय. त्याचा आधार घेतला तर आरोग्याचा मुद्दा पक्का होतो.

मास्तर_अमळनेर
सगळ्यांचं धरून मसुदा केलाय, बघा:

"ही ग्रामसभा ठराव करते की, अण्वस्त्राचा वापर झाल्यास जखमींवर उपचार करण्याची क्षमता कोणत्याही देशाच्या आरोग्यव्यवस्थेत नाही, आणि त्याचे परिणाम शेती, दूध, पाणी व गर्भातल्या बालकांपर्यंत पोचतात. म्हणून सर्व नऊ अण्वस्त्रधारी देशांनी आपली अण्वस्त्रे ठरावीक मुदतीत एकत्रितपणे नष्ट करावीत. भारत सरकारने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण कायम ठेवावे, १९८८च्या निःशस्त्रीकरण आराखड्याला पुन्हा चालना द्यावी, आणि युरेनियम खाणी व चाचणीस्थळांजवळच्या गावांची स्वतंत्र आरोग्य तपासणी करावी."

माजी_फौजी
"एकत्रितपणे" हा शब्द राहू द्या. मग माझी सही धरा.

कपाशीवाला_चोपडा
"शेती" च्या पुढे "पाऊस" पण घाला, सर.

मास्तर_अमळनेर
घातला.

जळगावची_सिस्टर
मसुदा छापून घेते. ज्यांना आपल्या गावात मांडायचाय त्यांनी इथे लिहा, प्रत पाठवते.

सातपुडा_धडगाव
आमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, आहे, पाड्याची ग्रामसभा वेगळी भरते. सिस्टरताई, मला प्रत पाठवा. जादूगोडा आणि खेतोलाईची नावं आमच्या ठरावात राहतील. आमच्या पावरी बोलीत करून वाचू, म्हणजे म्हाताऱ्यांनाही हात वर करण्याआधी कळेल कशासाठी करतोय ते.